मितालीची तयारी

मी जज झाली तेव्हा अंगावर घरातलाच गाऊन होता, डोळ्यावर ह्यांचा जुना चष्मा होता अन् मांडीवर मेथीची जुडी होती. ह्यांनी येऊन मेथी उचलून नेली. म्हणे, जज मेथी निवडत नसते. मी म्हटलं, मंग जजबाईच्या घरी भाजी आपोआप निवडल्या जाते काय? हे हसले नाही. हे म्हणजे आमचे मारोतराव. जन्मभर स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात लोकायची हजेरी लावली. रिटायर होऊन कितीक वर्षं झाले, तरी हसायची वेळ कोणती अन् कामाची कोणती, हे त्यायचं पक्कं ठरलेलं आहे.

"चल मिताली, ये आत," ह्यांनी हाक मारली. "अन् आधी परवानगी माग."

मिताली आमची नात, आनंदची पोरगी. चौथीत शिकते. सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरच्या बैठकीत ती आली अन् हात मागं बांधून माझ्यासमोर उभी राहिली. मी कडक आवाज काढून हिंदीत विचारलं, कारण दुर्गच्या फॅमिली कोर्टातल्या खऱ्या जजबाई हिंदीतच विचारणार होत्या. "बेटा, आपको किसके साथ रहना है?"

पोरीनं आधी खाली पाहिलं. मंग खिडकीकडे पाहिलं. मंग माझ्या डोळ्यात पाहून बोलली, "मॅडम, मैंने बहुत सोचा है. मुझे आजी-आबाजी के साथ रहना है. मम्मी मुझे अच्छी लगती हैं, लेकिन मेरा घर यहीं है."

"शाब्बास," हे म्हणाले. "पण खिडकीकडे अजून थोडा वेळ पाहा. विचार करून राहिली असं वाटलं पायजे."

आता बाहेरच्या माणसाले हे वेडेपण वाटन. पण भिलाईत राहून पाहा म्हणावं. इथं लेकरू बोलायले लागलं की आईबाप क्लास शोधायले लागते. शाळेत जायच्या आधी शाळेच्या इंटरव्ह्यूची तयारी, मंग ऑलिम्पियाडची, मंग इंजिनिअरिंगची. आमच्या ओळीतल्या क्वार्टरायमधले निम्मे लेकरं आज अमेरिकेत आहे अन् त्यायचे मायबाप इथं कुंड्यायले पाणी घालून राहिले. आमचा आनंदही असाच तयारी करून करून मोठा झाला. तं कोर्टात नात बोलणार आहे म्हटल्यावर ह्यांच्या डोक्यात दुसरं येणार तरी काय होतं? त्यायनी सरळ नेहरू नगर गाठलं. तिथं श्रीधर सरांचा क्लास आहे. मराठी मंडळात आमची ओळख. सर मोठ्या मोठ्या पोरायचे मॉक इंटरव्ह्यू घेते. त्यायनीच सांगितलं, आधी खाली पाहायचं, मंग बाजूला, मंग समोर. अन् आईले वाईट म्हणायचं नाही, त्यानं छाप चांगली पडत नाही.

मले तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही, खोटं कावून बोलू. मले वाटलं, हा माणूस किती मेहनत करून राहिला.

भानगड अशी होती. आनंद आमचा गेला. कावीळ साधी नोती, लिव्हरच गेलं, महिन्याभरात खेळ आटोपला. त्याच्याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोलली की दिवस खराब जाते. सून मीनल तेव्हा अर्धी होऊन गेली होती. तिले पुण्याले नोकरी लागली तं मीच म्हटलं, जा तू, पोरीले आमी पाहतो, तुझं बस्तान बसू दे. ती गेली. महिन्याकाठी यायची, चार दिवस राहायची, जाताना दारात रडायची. तिचं माहेर इथंच जवळ नंदिनी नगरले, वडील चुनखडीच्या खाणीवर होते, भाऊ धनंजय अजूनही तिथंच आहे. मिताली दर रविवारी मामाकडे जायची. सगळं चाललं होतं. मंग एके दिवशी मीनल म्हणाली, "आई, माझं बस्तान बसलं. मितालीला घेऊन जाते."

बस्तान बसू दे, हे मीच म्हटलं होतं. पण ते खरंच बसन, हे काही माझ्या डोक्यात आलं नोतं.

ह्यांनी नाही म्हटलं. मी पण नाही म्हटलं. मीनलनं समजावून पाहिलं, रडून पाहिलं, धनंजयला पाठवून पाहिलं. शेवटी ती कोर्टात गेली. माझी सून माझ्यावर केस करते, अन् मंडळातल्या बाया मले हळदीकुंकवाले विचारते की तारावहिनी, काय झालं पुढं. माझं डोकं असं फिरायचं की मी वाण घेऊन तशीच उठून यायची.

आमचे वकील भैय्याजी. दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, लग्नाकार्यात भेटणारे. त्यायनी पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं. म्हणाले, "वहिनी, आई जिवंत आहे, कमावती आहे, वागणं चांगलं आहे. कायदा तिच्या बाजूनं झुकते. आपल्या हातात एकच गोष्ट आहे. मिताली स्वतः."

"म्हणजे?"

"म्हणजे तिचं म्हणणं. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आहे, आपल्या देशानंही ब्याण्णव साली मान्य केलेला आहे. त्याचं कलम बारा. ज्या गोष्टीचा लेकराच्या आयुष्यावर परिणाम होते, तिथं लेकराचं म्हणणं ऐकून घ्यायचं अन् त्याच्या वयाप्रमाणं त्याले वजन द्यायचं. आपला कायदाही जजले तशी मोकळीक देते. मी अर्ज करतो. पोरगी आत जाऊन बोलली की मले आजीकडे राहायचं आहे, तं बाजी पलटू शकते."

मी घरी येऊन खूप विचार केला. दूर न्यूयॉर्कले कोणी सभा भरवली, जगातले जवळजवळ सगळे देश तिच्यात सामील झाले, अन् ठरलं काय, तं माझ्या मितालीले विचारा. त्यायले माझी मिताली ठाऊक आहे काय? तिले दोडक्याची भाजी आवडत नाही, हे तरी ठाऊक आहे काय? मले माझ्या लग्नात कोणी विचारलं नोतं. आनंदले इंजिनिअर व्हायचं होतं की नाही, आमी विचारलं नोतं. लेकराले विचारायचं असते, ही गोष्टच आमच्या घराले नवी होती. पण भैय्याजी म्हणाले की त्यानं पोरगी आपल्याजवळ राहन, तं मी म्हटलं, मोठी चांगली सभा आहे, तिचं भलं होवो.

अन् तयारी सुरू झाली. संध्याकाळी शाळेचा अभ्यास झाला की मॉक. कधी हे जज व्हायचे, कधी मी. ह्यांनी शंभर आडवेतिडवे प्रश्न काढले. आई रडली तर? आजी आजारी पडली तर? पुण्यात मोठी शाळा मिळाली तर? मिताली कशालाच अडायची नाही. तिची पाठांतराची बुद्धी बापावर गेलेली. मी मनातून खूश व्हायची. वाटायचं, एवढं छान बोलून राहिली म्हणजे मनातूनच बोलून राहिली.

मंग एका सोमवारी, आदल्या दिवशी ती मामाकडून आली होती, हे बाजारात गेले होते. मी चष्मा लावून बसली अन् तोच प्रश्न विचारला. मितालीनं खाली पाहिलं. मंग एकदम थांबली अन् अगदी सहज विचारलं, "आजी, आज कौनसा सेट?"

"कोणता सेट म्हणजे?"

"म्हणजे तुमचं वालं की मम्मीचं वालं? कल मामा के यहाँ मम्मी का वाला किया ना, तं मिक्स होऊन जाते."

मी चष्मा काढला. म्हटलं, "मम्मीचं काय आहे, सांग बरं."

तिनं खाली पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, समोर पाहिलं. "मॅडम, मैंने बहुत सोचा है. मुझे मम्मी के साथ रहना है. आजी-आबाजी मुझे बहुत प्यारे हैं, लेकिन बच्चे की जगह माँ के पास होती है." अन् डोळ्यात पाणीही आणलं तिनं. आमच्या सेटमध्ये डोळ्यातलं पाणी नोतं. त्यायची तयारी आमच्यापेक्षा चांगली होती, अन् मले त्याही वेळी पहिल्यांदा हेच सुचलं, ही माझी अक्कल.

मी मीनलले फोन लावला अन् जे तोंडात आलं ते बोलली. लेकराले खोटं बोलायले शिकवते, लाज नाही वाटत. मीनल शांतपणे ऐकत राहिली. मंग म्हणाली, "आई, ती मागच्या महिन्यात दादाकडे माझ्या कुशीत झोपेत बडबडत होती. मॅडम, मेरा घर यहीं है. तेव्हा मला कळलं तुम्ही काय करताय. मग मी काय करायचं होतं? दादा म्हणाला, त्यांनी तयारी करून घेतली तर आपणही घेऊ." मंग तिनंच सांगितलं, "दादानं भिलाईत कुणालातरी विचारून घेतलं. खाली बघ, मग बाजूला बघ."

कोणाले विचारलं असन, ते मी ओळखलं. श्रीधर सरांचा क्लास आहे, येईन त्याले ते शिकवते. मी फोन ठेवला. रागवायचं कोणावर, तेच समजेना. सुनेवर रागवावं तं आमी काय वेगळं केलं होतं? ह्यांच्यावर रागवावं तं चष्मा लावून कोण बसली होती?

त्या दिवशी मी मितालीले मांडीवर घेतलं. केसात तेल घालता घालता म्हटलं, "मिठू, माझंही सोड अन् मम्मीचंही सोड. तुझ्या मनात काय आहे ते आजीले सांग."

"तुमचं वालं," ती लगेच म्हणाली.

"नाही गं, तसं नाही. खरं खरं."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधून राहिली होती. सापडलं नाही वाटते. मंग म्हणाली, "मम्मीचं वालं?"

मी तेल लावत राहिली.

ह्यांना सांगितलं तं हे म्हणाले, आता तारीख तोंडावर आली आहे, आता गडबड नको, रविवारी मामाकडे पाठवू नको म्हणजे झालं. मी रविवारी तिले पाठवलं नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. ताप नोता.

कोर्टाच्या दिवशी मितालीनं शाळेचा ड्रेस घातला, तेही श्रीधर सरांनीच सांगितलेलं. मीनल धनंजयसोबत बाकावर बसली होती, वाळून गेली होती. मिताली आमच्या दोघींच्या मधोमध उभी राहिली, ना इकडे ना तिकडे. मंग जजबाईच्या खोलीत तिले एकटीले बोलावलं. वकीलही बाहेर. दार लागलं. पोरगी खूप वेळ आत होती. हे माझ्या कानात म्हणाले, "वेळ लागून राहिला म्हणजे चांगलं चाललं." मले तसं वाटत नोतं, पण मी मान हलवली.

मंग मितालीले बाहेर कोर्टाच्या समुपदेशक बाईजवळ बसवलं अन् आमाले सगळ्यायले आत घेतलं. आमी दोघं, मीनल, दोन्ही वकील. जजबाई माझ्याच वयाच्या असतील, थोड्या लहान. त्यांच्या टेबलावर बिस्किटाचा पुडा फोडलेला होता अन् एकही बिस्किट कमी झालेलं नोतं. त्या हिंदीतच बोलल्या, पण मले शब्द न् शब्द आठवते.

त्या म्हणाल्या, "मी विचारायच्या आधी तिनंच मला विचारलं, पहिले कोणतं सांगू, आजीचं की मम्मीचं. मी म्हटलं, दोन्ही सांग. तिनं दोन्ही सांगितले. इतकं चांगलं बोलणारी मुलं मी कमी पाहिली. मग मी म्हटलं, आता मितालीचं सांग. तर म्हणाली, मॅडम, वो वाला सेट तो अभी तक किसी ने दिया ही नहीं."

मीनलनं तोंडाले पदर लावला. हे छताकडे पाहून राहिले.

जजबाई चिडल्या असत्या तं बरं झालं असतं, मले चिडणाऱ्या माणसाशी बोलता येते. त्या चिडल्या नाही. भैय्याजी घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, करार का अनुच्छेद बारह..." तं त्यायनी हात वर केला. "वकील साहब, मुझे मालूम है. उसमें बच्चे को बोलने का हक़ दिया है. बोलने की सज़ा नहीं दी. चुप रहना चाहे तो वो भी उसका हक़ है."

हक्क कुठं संपते अन् सजा कुठं सुरू होते, मले तेव्हा समजलं नाही. आताही नीट समजलं आहे असं छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. विचारलं नाही तं आमी जुन्या विचाराचे, अन् विचारलं तं आमी गुन्हेगार. मंग माणसानं करावं काय?

जजबाईनी पुढची तारीख वार्षिक परीक्षेनंतरची दिली. तोपर्यंत पोरगी आहे तिथंच राहन. आई घरी येऊन भेटू शकन. अन् कोणीही, त्यायनी एकेकाच्या तोंडाकडे पाहून सांगितलं, कोणीही तिले या विषयावर एक शब्द विचारायचा नाही. सरळ नाही, आडून नाही.

आमी विचारलं नाही. हे मात्र खरं. पण घरात भलतंच सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, "मिठू, पोहे करू की उपमा?" काही उत्तर नाही. बाहेर येऊन पाहते तं पोरगी ह्यांच्या तोंडाकडे पाहून राहिली होती. हे पेपर वाचत होते. मंग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, "आबाजी काय खाणार?"

"आबाजीचं राहू दे. तुले काय पायजे?"

"तुमी सांगा ना, आजी."

मले वाटलं, नाश्त्याचं काय एवढं. पण मंग लाल रिबीन की निळी, तुमी सांगा. पंखा लावू की नको, तुमी सांगा. शेजारच्या प्राचीच्या वाढदिवसाले जायचं का, तं आधी आबाजी, मंग मी, मंग फोनवर मम्मी, तिघांचं मत घेऊन झालं अन् मंग गेलीच नाही. शाळेतल्या बाईंनी मले बोलावून घेतलं. म्हणे, आवडतं चित्र काढा म्हटलं तं मिताली उठून माझ्या टेबलाजवळ आली अन् विचारते, मॅडम, आपको क्या पसंद है? अन् कोरा कागद देऊन गेली. हीच पोरगी आधी दोडक्याची भाजी पाहून ताट सरकवायची. आता मी मुद्दाम दोडका केला अन् पाहत बसली. तिनं खाल्ला. पूर्ण खाल्ला अन् माझ्याकडे पाहून हसली. मी मोरीत जाऊन रडली.

मीनल पुढच्या महिन्यात आली ती सरळ आमच्या घरी. ह्यांनी चप्पल घातली अन् फिरायले निघून गेले. आमी दोघी बैठकीत समोरासमोर बसलो. मीनल मितालीले म्हणाली, "बेटा, पाणी आण गं."

मितालीनं दोन गिलास आणले. दोन्ही हातात दोन. माझ्यासमोर एक हात अन् मीनलसमोर एक हात, अन् ती मधे उभी. कोणाले आधी दिला असं व्हायले नको म्हणून दोन्ही हात एकदमच पुढं केले तिनं. पाणी सांडून राहिलं होतं, तिचं लक्ष आमच्या चेहऱ्याकडे. मी मीनलकडे पाहिलं, मीनलनं माझ्याकडे पाहिलं. गिलास आमी एकदमच घेतले. दुसरा काही इलाज नोता.

"जा, बाहेर खेळ जरा," मी म्हटलं. ती गेली.

मीनल म्हणाली, "आई, मी काय करू सांगा. मला तिची आठवण येते. रात्री कूस बदलली की बाजूला कोणी नसतं. आनंद नाही, ती पण नाही. मी तुमच्याशी भांडायला पुण्याहून येते का? मला माझं लेकरू पाहिजे."

"मले नको काय? आनंद गेल्यावर तिच्यामुळं सकाळी उठली मी. नाही तं कशाले उठायचं होतं?"

"माहीत आहे."

"माहीत आहे तं कोर्टात कावून गेली?"

बाहेर गेटवर मिताली उभी होती, खेळून वगैरे नोती राहिली, कान इकडेच होते तिचे. मले एकदम वाटलं, आपण दोघी जोवर या दोन खुर्च्यायवर बसलो आहो, तोवर ही पोरगी अशीच मधे उभी राहणार. शाळेत, सासरी, म्हातारी होईस्तोवर. दोन्ही हात पुढं करून.

"एकीनं उठावं लागन," मी म्हटलं.

मीनल घाबरली. "कोणी?"

"तू उठली तं तिले वाटन आईनं सोडलं. मी उठली तं काय, म्हातारी झाली म्हणन. म्हाताऱ्या उठतच असते." हे बोलताना माझा आवाज अगदी सरळ होता, याचं मलेच नवल वाटलं. "परीक्षा होऊ दे. घेऊन जा."

मीनल माझ्या पायाशी येऊन बसली अन् ढसाढसा रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण खरं सांगते, तेव्हा मले तिच्याबद्दल माया नाही वाटली. रागच आला. एवढं सोपं होतं तं मी इतके दिवस काय करून राहिली होती, असं वाटलं. मंग वाटलं, मी पोरीसाठी हे केलं की थकून केलं? आजपर्यंत ठरवू शकली नाही मी.

हे फिरून आले तं सगळं ऐकून खुर्चीत बसले. मंग म्हणाले, "तिले विचारलं काय तू?"

"कोणाले?"

"मितालीले. एवढा जगाचा करार, कलम बारा, लेकराच्या आयुष्याची गोष्ट लेकराले विचारून करा. तिले न विचारता तुमी दोघी बायायनी बसल्या जागी ठरवून टाकलं. मंग आमी काय चूक केली होती? आमी निदान विचारत तरी होतो."

मी म्हटलं, "तुमी जेवून घ्या." हे जेवले नाही. मंग आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले.

भैय्याजींनी दोन्हीकडचा समझौता कोर्टात दिला. सुट्ट्या आमच्याकडे, शाळा पुण्याले. जजबाईनी सही करायच्या आधी विचारलं म्हणे, पोरीले कोणी सांगितलं काय? तं मीनलनं अन् मी घरी येऊन मिळून मितालीले सांगितलं. पलंगावर दोघी दोन बाजूले अन् ती मधे. आमी मोठ्या लोकायनी ठरवलं आहे, तू काही ठरवायचं नाही, तुले फक्त जायचं आहे अन् सुट्टीत यायचं आहे. रडावंसं वाटलं तं रड, राग आला तं राग कर. मिताली ऐकून म्हणाली, "ठीक है." रडली नाही, हसली नाही, काही नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आता शोधायची पाळी माझी होती अन् मलेही काही सापडलं नाही.

जायच्या दिवशी दुर्ग स्टेशनवर हे आले. येणार नाही म्हणाले होते, पण रिक्षात सगळ्यायच्या आधी बसले. डब्यात चढून सीट पाहून आले, पंखा चालते का पाहून आले, मंग खाली उतरून पाण्याच्या नळाजवळ जाऊन उभे राहिले अन् आमच्याकडे पाठ केली. मीनल आत सामान लावत होती. मिताली खिडकीत बसली होती, मी खाली फलाटावर. खिडकीच्या सळईवर तिची बोटं होती, त्यावर मी माझी ठेवली.

"आजी," ती हळूच म्हणाली, मागं आईकडे एकदा पाहून. "एक विचारू?"

"विचार ना बेटा."

"मी उस दिन जजमॅडमला चुकीचं सांगितलं म्हणून मले पाठवून राहिले काय?"

एवढे दिवस ही पोरगी हे मनात घेऊन बसली होती. दोडका खाऊन राहिली होती, गिलास आणून राहिली होती.

"नाही गं माय," मी म्हटलं. "तू काहीच चुकली नाही. तो पेपर तुझा नोताच. आमचा होता. माझा, आबाजीचा, मम्मीचा. आमी तुले उगीच बसवलं."

तिनं विचार केला. खाली नाही पाहिलं, बाजूले नाही पाहिलं. कपाळावर आठ्या घालून सरळ माझ्याकडेच पाहत होती.

"मग तुमी पास झाले काय?"

मी तोंड उघडलं. गाडी हलली, तिची बोटं माझ्या हाताखालून निघाली, अन् मी थोडी दूरपर्यंत तिच्यासोबत चालत गेली. ती खिडकीतून उत्तराची वाट पाहून राहिली होती.